वार्धक्य, वाचा आणि एक अनामिक व्याधी

बंगळूरच्या होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की आधी 'निम्हान्स' ही मेंदू व मनोविकारांची राष्ट्रीय संस्था लागते आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकल्यावर बोम्मसंद्रा. मूळचे हे खेडे. पुढे तेथे औद्योगिक वसाहत झाली, रुग्णालये आली, आणि २०२५ पासून ते मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे अखेरचे स्थानक आहे. अशा वसाहतींत नोकरीसाठी आलेल्या मुलांपाठोपाठ गावाकडचे आईवडीलही येतात. त्यांतल्या एखाद्या मराठी वृद्धेची जीभ जड होऊ लागली, तर तिचे पुढे काय होते, हा प्रश्न वैद्यकाचा जेवढा, तेवढाच भाषेच्या अभ्यासकाचाही मानला पाहिजे.

मोटर न्यूरॉन विकारात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतापेशी क्रमाक्रमाने मरत जातात. हातापायांतले त्राण जाते, घास उतरेनासा होतो, वाचा जाते, आणि शेवटी श्वास. पुष्कळांचे आकलन मात्र अखेरपर्यंत टिकून असते. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात सुमारे ३ लाख ३० हजार माणसे या विकाराने ग्रस्त होती आणि त्या एका वर्षात ३४ हजारांहून अधिक दगावली. हा मुख्यतः उतारवयाचा आजार असल्यामुळे जगातील वृद्ध जसे वाढतील, तसा त्याचा भारही वाढणार.

भारतातील चित्र मात्र निराळे दिसते. निम्हान्सने तीस वर्षांतील १,१५३ रुग्णांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते; युरोपात ते साठीच्या घरात असते. या विकारांच्या अभ्यासात भारताने घातलेली वैशिष्ट्यपूर्ण भरही तरुणांविषयीचीच आहे: १९७० मध्ये वर्णिलेला 'मद्रास' प्रकार आणि १९८४ मध्ये बंगळूरहून मांडलेला, एकाच हाताचे वा पायाचे स्नायू झिजवणारा प्रकार. भारताची लोकसंख्या तरुण आहे, आणि येथे आजारच लवकर जडत असेल, ही कारणे खरी असू शकतील. परंतु रुग्णालयाची गणना ही रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचीच गणना असते. म्हातारी माणसे तेथवर पोहोचतच नसतील, ही तिसरी शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

न पोहोचण्याचे एक कारण शब्दांत आहे. 'अंगावरून वारे गेले' हा मराठी वाक्प्रचार एका क्षणाच्या आघाताचा आहे. लकवा मारतो, अर्धांगवायूचा झटका येतो. महिनोन् महिने सरपटत येणाऱ्या दुबळेपणाला मात्र बोलीत एकच नाव उरते: 'वय झाले'. त्यातूनही कुणी दवाखान्यात गेलेच, तर आजीचे मराठी मुलाच्या हिंदीतून वा इंग्रजीतून डॉक्टरांच्या कागदावर उतरते. 'घास उतरत नाही' याचे वाटेत 'जेवत नाही' होते. लक्षण गळते आणि हट्टीपणा उरतो. भाषांतरात काय हरवते याची चर्चा विद्यापीठांतून कवितेच्या निमित्ताने पुष्कळ झाली. येथे जे हरवते त्याची किंमत अधिक आहे.

निदानानंतर उभा राहतो तो वाचेचा प्रश्न. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये गेला आणि यंत्राने त्यांना दुसरा दिला. बोम्मसंद्र्यातील वृद्धेला यंत्र नाही, तरी पुठ्ठ्याची पाटी देता येते: डोळ्यांनी रांग दाखवावी, मग अक्षर. येथे आपली वर्णमाला विलक्षण उपयोगी आहे. कवर्गापासून पवर्गापर्यंत पाच रांगा, प्रत्येकीत पाच अक्षरे. तिसऱ्या रांगेतले दुसरे म्हणजे ठ. लहानपणी पाठ केलेला हा क्रम म्हातारपणी नव्याने शिकावा लागत नाही. मात्रा आणि जोडाक्षरे यांचा गुंता राहतोच. तो लिपीच्या अभ्यासकांनी बसून सोडवायचा आहे.

इंग्रजी पाटीचे नुसते भाषांतर मात्र चालणार नाही. इंग्रजीत थकल्याचे वाक्य स्त्रीपुरुषांना एकच. मराठीत पुरुष 'थकलो' म्हणतो, स्त्री 'थकले'. वाचेपासून सुरू होणारा प्रकार उतारवयात, आणि त्यातही स्त्रियांत, अधिक आढळतो. तेव्हा पाटीवर 'थकलो' एवढेच छापले, तर जिची वाचा सर्वांत आधी गेली, तिच्या तोंडी पुरुषाचे क्रियापद पडते. 'कूस वळवा', 'कफ काढा' यांच्या शेजारी 'जवळ बस' हेही हवे. कारण ती डॉक्टरांना 'अहो' म्हणते आणि नातीला 'अगं'. हे शब्द छापील मराठीतून नव्हे, वृद्धांच्या बोलण्यातून टिपावे लागतील, आणि ते काम वाचोपचारतज्ज्ञ एकट्याने करू शकणार नाहीत.

शुश्रूषेला येणारी परिचारिका बहुधा कन्नड भाषक असेल. कन्नड वर्णमालेत वर्गांच्या रांगा त्याच, क्रम तोच. पाटीच्या एका बाजूस देवनागरी, दुसऱ्या बाजूस कन्नड लिपी छापली, तर तिला मराठी येत नसले तरी रुग्णाने दाखवलेला शब्द ती उच्चारू शकेल आणि घरातले कुणी तो ओळखेल. परिचारिका तमिळ असेल, तर मात्र ही सोय अपुरी पडते. त्या लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे, आणि तिच्यासाठी पाटी वेगळी आखावी लागेल.