लेणी पाहणारे आपण कोण? पर्यटक, उपासक की वारसदार?

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या बावीस मुला-मुलींना घेऊन एका लेणीवर गेलो होतो. लेणीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही एका लेणीपुरता नाही. रीतसर तिकिटे काढली. चैत्यगृहात स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली आणि पहारेकरी धावत आला. "इथे पूजा-प्रार्थना करायला परवानगी नाही, फक्त बघायचं," असे तो म्हणाला. तो कंत्राटी कामगार होता. आवाजात उर्मटपणा नव्हता, नोकरीची भीती होती. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. पण परतीच्या बसमध्ये अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, स्तूप आपला आहे ना? मग आपण तिथे पाहुणे कसे?"

या लेखात तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. जगभर लाखो लोक ऐतिहासिक वास्तू पाहायला जातात. बौद्ध समाजासाठी मात्र 'पाहायला जाणे' ही साधी गोष्ट कधीच नव्हती.

१९३४ चा दौलताबाद

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासात सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदातल्या पाण्याने काहींनी हातपाय-तोंड धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटवला असा आरडाओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, आणि सोबत एक सशस्त्र शिपाई देऊन.

तेव्हा तो भाग निजामाच्या राज्यात होता आणि ओरडणारे मुसलमान होते. जातीची शिवाशिव धर्माच्या भिंती ओलांडून जाते, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी पुन्हा अनुभवले. आपल्या विषयापुरती यातली गोष्ट अशी, की परदेशात शिकून आलेला, कायद्याचा पंडित असलेला माणूसही एक ऐतिहासिक वास्तू मोकळेपणाने पाहू शकला नाही. म्हणून आज तिकीट काढून ताठ मानेने लेणीत शिरणे हा आपल्यासाठी एक मिळवलेला हक्क आहे. तो सहलीच्या गोंगाटात हरवून चालणार नाही.

वहीतली नोंद आणि १९५६

पहारेकरी म्हणाला ते त्याच्या मनाचे नव्हते. पुरातत्त्व खात्याचे धोरण साधारण असे आहे: स्मारक संरक्षित झाले तेव्हा जिथे पूजा चालू होती तिथे ती चालू राहते, जिथे बंद पडलेली होती तिथे नव्याने सुरू करता येत नाही. वरवर पाहता हा नियम तटस्थ वाटतो. उद्या प्रत्येक जुन्या वास्तूवर कुणीतरी हक्क सांगायला आले तर खात्याने काय करावे, हा प्रश्न खोटा नाही.

पण समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या तटस्थतेत एक खोच आहे. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा १९०४ चा. आपण धम्मात परतलो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. म्हणजे सरकारी वहीत 'येथे पूजा चालू नाही' अशी नोंद होत होती, त्या काळात त्या स्तूपासमोर बसू शकणारा समाज गावकुसाबाहेर होता. वारसदार घरी येण्याआधीच घर बेवारस ठरले, आणि ती तारीख आता आपल्याला दाखवली जाते.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जा. तिथल्या सातव्या क्रमांकाच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती आहे. ते अष्टविनायकांपैकी एक असल्याने तिथे नित्य पूजा चालते. त्याच डोंगरातल्या चैत्यगृहात स्तूप आहे, तिथे मात्र फक्त 'बघायचे'. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या तिथे येतात. त्यांच्या श्रद्धेशी आपले भांडण नाही आणि ते कुणी लावू पाहत असेल तर त्याला बळी पडू नये. आपला सवाल खात्याला आहे: एकाच डोंगरावर दोन मोजमापे का? १९५८ च्या स्मारक कायद्याचे कलम १६ सांगते, की संरक्षित पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये. चैत्यगृहाचे स्वरूप काय, याचे उत्तर तिथल्या शिलालेखांतच कोरलेले आहे.

बोरोबुदूरने काय केले?

इंडोनेशियातील जावा बेटावर नवव्या शतकाच्या सुमारास शैलेंद्र राजांच्या काळात बांधलेले बोरोबुदूर हे जगातील सर्वांत मोठे बौद्ध स्मारक मानले जाते. त्यात ५०४ बुद्धमूर्ती, ७२ जाळीदार स्तूप आणि अडीच हजारांहून जास्त शिल्पपट आहेत. युनेस्कोच्या मदतीने त्याची प्रचंड दुरुस्ती झाली आणि १९९१ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. देश बहुसंख्य मुस्लिम, बौद्ध एक टक्क्याहूनही कमी.

तिथेही हाच पेच होता. स्मारक हे पर्यटनस्थळ की धर्मस्थळ? रोजच्या हजारो पावलांनी दगडी पायऱ्या झिजू लागल्या. जून २०२२ मध्ये सरकारने माथ्यापर्यंत चढण्यासाठी परदेशी पर्यटकाला १०० डॉलर आणि देशी पर्यटकाला साडेसात लाख रुपिया असे तिकीट सुचवले. एवढे पैसे सामान्य इंडोनेशियन माणूस कुठून देणार? देशभर ओरड झाली आणि तो प्रस्ताव मागे पडला. त्याऐवजी रोज सुमारे १,२०० जणांनाच वर सोडायचे, तेही गटाने आणि वाटाड्यासोबत, अशी पद्धत आली. चढणाऱ्याला गवतासारख्या पानांच्या विणलेल्या मऊ चपला घालाव्या लागतात. त्यांना 'उपानत' म्हणतात. आपल्या 'उपानह' या जुन्या शब्दाचाच हा भाऊ. चपला स्थानिक कारागीर विणतात. दगड वाचतो आणि गावात रोजगारही येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने बोरोबुदूर, मेंदुत आणि पावोन ही बौद्धांसाठी आणि प्रांबानन हिंदूंसाठी उपासनेची स्थळे म्हणून वापरण्याचा करार केला. वैशाख पौर्णिमेला मेंदुतपासून बोरोबुदूरपर्यंत मिरवणूक निघते आणि त्या दिवशी देशभर सुटी असते. तिथे सगळे गोड आहे असे नाही. स्मारकाभोवती उद्यान करण्यासाठी १९८० च्या दशकात गावकऱ्यांना घरे सोडावी लागली. पण संवर्धन आणि उपासना एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे 'जमणारच नाही' म्हणणाऱ्यांपुढे हे उदाहरण ठेवायला हवे.

बोधगया: उपासना आहे, कारभार नाही

बोधगयेत चित्र उलटे आहे. तिथे वंदनेला कुणी अडवत नाही. जगभरचे भिक्खू तिथे येतात, २००२ पासून महाविहार जागतिक वारसा यादीत आहे. पण १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. तो हिंदूच असावा ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, तरी समितीत बौद्धांचे बहुमत नाही. अनागारिक धर्मपाल १८९१ साली तिथे पोहोचले तेव्हापासूनचा हा लढा आहे. १९९२ पासून भदन्त सुरई ससाई यांनी तो पेटवला आणि १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंच्या उपोषणाने तो पुन्हा देशासमोर आला. महाराष्ट्रातल्या गावागावांत मोर्चे निघाले, तुमच्यापैकी अनेक जण त्यात होते.

या तीन ठिकाणांकडे एकत्र पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. वास्तूशी नाते तीन पायऱ्यांचे असते: पाहण्याचा हक्क, उपासनेचा हक्क आणि कारभारातला वाटा. दौलताबादला पहिलीच पायरी नाकारली गेली. आपल्या लेण्यांवर पहिली मिळाली, दुसरी अडली आहे. बोधगयेत दुसरी आहे, तिसरी अपुरी आहे. मागणी करताना आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे ओळखले नाही, तर घोषणा मोठी होते आणि निवेदन कच्चे राहते.

आता आपल्या घरातले

हक्काची भाषा बोलताना आपल्या वागण्याकडेही पाहावे लागेल. लेणीच्या भिंतीवर बदामात कोरलेली नावे सगळी परक्यांची नाहीत. रील काढताना स्तूपाच्या वेदिकेवर चढणारी मुले आपल्याच सहलीतली असतात. शिलालेख नीट दिसावा म्हणून अक्षरांत खडू भरणे किंवा त्यावर तेल-पाणी चोळणे हे तर काही जण लेणी संवर्धनाच्या नावाखाली करतात.

प्रेमानेही नुकसान होते. अजिंठ्याच्या चित्रांचे जतन करण्यासाठी १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी लावलेला लेप पुढे पिवळा पडला आणि चित्रे काळवंडली. तज्ज्ञांचे असे झाले, तर आपल्या मेणबत्तीचे काय? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या मूळ लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत. तिथे मेणबत्ती किंवा अगरबत्ती पेटवणे ही श्रद्धा नव्हे. वंदना मुखाने होते, त्यासाठी ज्योत लागत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही मुलांना सांगा.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना काही आग्रहाचे सांगणे आहे. सहल काढण्याआधी एक रविवार धम्मलिपीच्या अक्षरांना द्या. लेणीवर गेल्यावर 'किती सुंदर' म्हणून पुढे सरकू नका, दान कुणी दिले ते वाचा. जुन्नरच्या लेखांत कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणी भेटतात, कार्ल्याला धेनुकाकटचे यवन भेटतात, नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. राजापासून कारागिरापर्यंत, स्त्री-पुरुष सगळ्यांच्या कष्टाचा पैसा त्या दगडात आहे. हे वाचणारी मुलगी स्वतःला पाहुणी समजणार नाही.

दुसरे, पहारेकऱ्याशी भांडू नका. तो आपल्याच वर्गाचा माणूस आहे. मौन वंदना करा आणि परत आल्यावर संबंधित मंडळ कार्यालयाला लेखी अर्ज द्या: ठरावीक दिवशी, ठरावीक संख्येने, ज्योत-धुराविना सामूहिक वंदनेची परवानगी मिळावी. नाकारली तर कारण लेखी मागा, माहिती अधिकार वापरा. तुटफूट, गळती, अतिक्रमण दिसले तर तारखेसह फोटो जोडून कळवा. शंभर भाषणांपेक्षा शंभर पोचपावत्या पुढे न्यायालयात आणि विधिमंडळात जास्त उपयोगी पडतील.

तिसरे, लेणीच्या पायथ्याच्या गावाला विसरू नका. कंबोडियात अंगकोरच्या परिसरातून जागतिक वारशाच्या नावाखाली हजारो कुटुंबांना हलवले गेले, त्यावर आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी कडक टीका केली. वारसा वाचवताना गरीब माणूस उठवला जाणार असेल, तर तो तथागतांचा वारसा कसा म्हणायचा? जेवण गावातल्या बचतगटाकडून घ्या, वाटाड्या गावातलाच घ्या.

त्या मुलीला बसमध्ये आम्ही एवढेच सांगितले, की आपण पाहुणे नाही, पण मालकही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन दान दिले, ते पुढच्यांच्या हाती नीट सोपवायचे काम आपल्याकडे आले आहे. पुढच्या महिन्यात परवानगीच्या अर्जावर पहिली सही तिने केली. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. येत्या वर्षावासात आम्ही पुन्हा त्याच लेणीवर जाणार आहोत, आणि या वेळी सोबत त्या अर्जाची प्रत असेल.

जय भीम. नमो बुद्धाय.