झलक आधी, इतिहास नंतर?

पेण : पडद्यावरील प्रतिमेचे बळ पेण-हमरापूरच्या गणेशमूर्ती कारखान्यांना चांगलेच परिचित आहे. ‘बाहुबली’नंतर त्या रूपातील मूर्तींना मागणी आली. तो नायक काल्पनिक होता. इतिहासपुरुषांच्या बाबतीत मात्र प्रश्न गंभीर ठरतो.

ज्यांचा राज्याभिषेक याच जिल्ह्यातील रायगडावर १६८१ मध्ये झाला, त्या संभाजी महाराजांवरील ‘छावा’ची पहिली झलक ऑगस्ट २०२४ मध्ये आली. चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. तत्पूर्वी जानेवारीत ट्रेलर येताच, महाराजांना लेझीम खेळताना दाखविल्याबद्दल आक्षेप घेण्यात आला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेऊन ते दृश्य वगळत असल्याचे जाहीर केले.

‘राजा शिवाजी’चे पोस्टर तर मे २०२५ मध्येच झळकले, त्या वेळी जाहीर झालेली प्रदर्शनाची तारीख होती १ मे २०२६. प्रतीक्षेचा काळ असा लांबला, की प्रेक्षकांच्या मनात प्रतिमा आधीच पक्की होते. चित्रपटातील दृश्य कापता येते, मनावर ठसलेले नाही. म्हणूनच अभ्यासकांचा सल्ला प्रदर्शनापूर्वी नव्हे, तर पहिल्या झलकीपूर्वीच घेतला जाणे आवश्यक आहे.