ढोलीतले पिल्लू आणि हातातला घास

फाल्गुन उतरणीला लागतो, आंब्यांवर कैऱ्या धरू लागतात आणि खेडोपाडी पोपटांच्या ढोली शोधणारी मुले झाडांवर चढू लागतात. उत्रोलीच्या परिसरातील असो वा अन्य कोणत्या गावातील, ही रीत इतकी जुनी आणि निरुपद्रवी मानली गेली आहे की तिच्याविषयी स्मरणिकेत लिहावे हेच काहींना विचित्र वाटेल. पिल्लू घरी येते, घरातील धाकटे मूल त्याला भिजलेल्या डाळीचा घास भरवते, शेजारीपाजारी कौतुकाने पाहून जातात. या भरवण्याला प्राणिमात्रांवरील प्रेम असे नाव दिले जाते. ते नाव आम्हांला मान्य नाही.

गळ्याभोवती कंठ असलेला आपला नेहमीचा राघू बहुधा सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने सोडलेली ढोली थोडी रुंद करून घेतो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा विणीचा मुख्य काळ. मादी चार-पाच अंडी घालते व सुमारे तीन आठवडे उबवते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले आणि अंग उघडे असते. पुढील सहा-सात आठवडे त्याचा प्रत्येक घास आईबापांच्या गळ्यात मऊ होऊन, त्यांच्या अंगाच्या उबेसह, चोचीतून चोचीत जातो. पंख फुटून बाहेर पडल्यावरही काय खावे, शिकारी पक्ष्याची चाहूल लागताच कोठे दडावे, हे ते थव्यातच शिकते.

आता याच पिल्लाला माणसाच्या हाताने वाढवणे म्हणजे काय, ते पाहावे. अन्न ४० अंश सेल्सिअसच्या जवळपास कोमट हवे. अधिक गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. गार असेल तर अन्न तेथेच साचून आंबते. चमच्याचा कोन चुकला की घास श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू तासाभरातही दगावते. दूध पक्ष्यांना पचत नाही, तरी दूधपाव मोठ्या मायेने दिला जातो. नुसत्या डाळ-मिरचीवर वाढलेल्याची हाडे कॅल्शियमअभावी वाकतात. जे जगते ते पिंजऱ्यात सर्वांना दिसते. त्याची मेलेली भावंडे मात्र कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. शिवाय पिल्ले काढण्यासाठी कोयत्याने फोडलेली ढोली पुढील वर्षी कोणत्याच जोडीच्या उपयोगाची नसते, आणि मैनेला किंवा पिंगळ्यालाही ती अंतरते.

हाताने भरवलेला पोपट अधिक माणसाळतो, असे पक्षी पाळणारे सांगतात. ते खरेच आहे. परदेशी पोपटांची पैदास करणारे याच हेतूने दोन-तीन आठवड्यांची पिल्ले आईबापांपासून वेगळी करतात. पण माणसाळणे म्हणजे काय? त्या पिल्लाला आपली जात कोणती हेच उमगत नाही, आणि मांजराचे भयही उरत नाही. नेदरलँड्सने २०१४ पासून, पोपटांची पिल्ले स्वतः खाऊ लागण्यापूर्वी त्यांना पालकांपासून तोडण्यास कायद्यानेच मनाई केली. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हाच आहे. तरी कायद्याच्या धाकापेक्षा आपल्या वाचकांना पंचशीलातील दुसरे शील अधिक जवळचे वाटावे. जे दिलेले नाही ते घ्यावयाचे नाही, एवढेच ते सांगते. पिल्लू कोणी दिले होते?

सालिकेदार जातकात बोधिसत्त्व पोपटांचा राजा आहे. मगधातील एका ब्राह्मणाच्या शेतात तो भात खातो आणि वर चोचीत लोंब्या घेऊन जातो. फासात सापडल्यावर मालक विचारतो, पोट भरल्यावरही हे धान्य कशासाठी? तो सांगतो की वृद्ध मातापित्यांचे जुने ऋण फेडावयाचे आहे, पंख न फुटलेल्या पिल्लांना नवे कर्ज द्यावयाचे आहे, आणि उरलेले दुबळ्या पक्ष्यांसाठी आहे. मालक त्याला मुक्त करतो. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत राघूंना हाकलणाऱ्या शेतकऱ्याला ही कथा थोडी अवघड वाटेल, आणि त्याचे नुकसान खोटे नाही. पण त्याच्या खाचरावरून लोंबी घेऊन उडणाऱ्या पक्ष्यालाही घर असते, एवढे तिच्यावरून ध्यानात यावे.

निवासी शाळेतील मुलेही परक्या हातचे जेवतात, मग आक्षेप तो कसला, असे कोणी विचारील. मुलाला आईवडील स्वतः हात धरून आणतात. दिवाळीत एसटी भरभरून मुले घरी जातात. पिल्लाला दिवाळीची सुट्टी नसते.

हाताने भरवणे सर्वथा वर्ज्य, असे आमचे म्हणणे नाही. वळवाच्या वादळात फांदी मोडते, रस्ता रुंद करताना जुने झाड पाडले जाते आणि पिल्ले उघड्यावर येतात. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, हा समज चुकीचा आहे; ढोली शाबूत असेल तर त्यांना तेथेच ठेवावे. नसेल तर खोक्यात मऊ कापडावर, उबेत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तोवर दूध किंवा पाणी तोंडात ओतू नये. ज्यांच्या घरी आधीच पोपट आहे त्यांनी एखाद्या पौर्णिमेला पुण्य म्हणून पिंजऱ्याचे दार नुसते उघडू नये. तो पक्षी बाहेर टिकणार नाही. त्यालाही वनविभागाच्या स्वाधीन करावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या बांधावर वठलेला एखादा आंबा असेल. सरपणासाठी त्यावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी सायंकाळी थोडा वेळ खाली उभे राहून पाहावे. ढोलीत ये-जा दिसली, तर तोडणी निदान विणीचा काळ सरेपर्यंत लांबवावी.