नाणे सापडले, पण कोठे?

पाऊस ओसरल्यावर आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी जावे. मंदिराजवळच्या गुहेतून थंडगार पाणी येते आणि कुंडात उतरते. येणारा भाविक हात जोडतो आणि पुष्कळदा खिशातील एखादे नाणे पाण्यात सोडतो. येथून घाट उतरला की सावंतवाडी, वेंगुर्ले आणि अरबी समुद्र. परंतु हे पाणी त्या समुद्राकडे पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लजच्या शिवारांतून ते घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट आंध्रच्या किनाऱ्यावर पूर्वसमुद्राला.

हेच दृश्य दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या नाण्यांवर आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपले ठसे उमटवले. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेषा. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. कमानींचा तो आकार डोंगराचा की चैत्याचा, हा अभ्यासकांतील वाद जुना आहे. खालची रेषा पाण्याची, याविषयी मात्र फारसे दुमत नाही. सातवाहनांच्या इतर काही नाण्यांवर तर त्या पात्रात पोहणारे मासेही दाखवले आहेत. नाशिकच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे वर्णन कोरवून घेतले आहे. त्यात त्याला सह्य पर्वताचा स्वामी म्हटले आहे आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचा गौरव आहे. डोंगर, नदी आणि समुद्र ही त्या राज्याची ओळख होती आणि ती सामान्य माणसाच्या मुठीतील नाण्यावर उमटलेली होती.

नहपानाची ही नाणी आपल्याला कशी कळली? १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सुमारे तेरा हजार नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे होते. हीच नाणी सुटी सुटी, दहा बाजारांतून, दहा संग्राहकांच्या डब्यांत गेली असती, तर आपल्या हाती केवळ दुहेरी ठशाची काही विचित्र नाणी उरली असती. एका जागी, एकत्र सापडली आणि तशी नोंद झाली, म्हणून ती एका युद्धाचा पुरावा ठरली.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या अभिमानाच्या विषयातले आहे. पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नावाशी जोडली जाणारी, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची शिशाची नाणी प्रसिद्ध आहेत. किनाऱ्यावरच्या समारंभांत सागरी परंपरेवर भाषण करताना वक्ता हमखास या नाण्याचा उल्लेख करतो, आणि श्रोत्यांचा समज असा होतो की ते मालवण-देवगडच्या वाळूत सापडले असावे. वस्तुस्थिती अशी की ही नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, आंध्र आणि तमिळ प्रदेशात सापडली. हिरण्यकेशीचे पाणी शेवटी जिकडे जाते, तिकडची ती आहेत. यात कोकणाला उणेपणा नाही. सातवाहनांची सत्ता दोन्ही समुद्रांवर होती. पण हा फरक आपल्याला कळतो, तो कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वी सापडण्याचे ठिकाण लिहून ठेवले म्हणून. (शिवछत्रपतींनी आरमार उभारले, सिंधुदुर्ग बांधला, पण शिवराईवर जहाज घातले नाही, तेथे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरेच त्यांना पुरेशी वाटली. नाण्यावर जहाज नाही म्हणून समुद्र नव्हता, असेही म्हणू नये!)

मध्यंतरी घाटाखालच्या एका बाजारपेठेत जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने माझ्यापुढे मूठभर नाणी ओतली. त्यांत एक जाडसर, नागमोडी रेषेचे नाणे होते. चिंच लावून घासून घासून लखलखीत केलेले. कोठले, असे विचारले. ‘नदीतले.’ कोणत्या नदीतले? तो हसला. ‘नदीतलं म्हटलं की गिऱ्हाईक घेतं साहेब, नदीचं नाव कोण विचारतंय?’ त्या माणसावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने बाजाराचा नियम सांगितला. नाणे खरे होते की नकली, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ते तपासण्याचा एक मोठा आधार, म्हणजे त्याचे स्थळ, पुसले गेले होते. अंगावरचा जुना थरही चिंचेने गेला होता.

संग्राहकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. नदीपात्रातील माती धुणाऱ्या झारेकऱ्यांकडून त्यांनी नाणी विकत घेतली नसती, तर कित्येक राजांची नावे सोनाराच्या मुशीत विरघळली असती. नाशिकजवळ अंजनेरी येथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाच्या नेतृत्वाखाली नाणेशास्त्राच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, त्यामागेही या छंदाचे बळ होते. प्रश्न छंदाचा नाही, नोंदवहीचा आहे. वजन, आकार, ठसा, लेख हे सारे हौसेने लिहिणारा संग्राहक ‘प्राप्तिस्थान’ हा रकाना कोरा सोडतो. का सोडतो? कारण सांगणारा घाबरतो.

आणि तो का घाबरतो, याचे उत्तर १८७८ च्या निधी कायद्यात आहे. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवलीच पाहिजे. न कळवल्यास वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. हे योग्यच आहे. परंतु सरकारने ती ठेव स्वतःकडे घ्यायची ठरवली, तर मोबदला कोणता? त्यातील धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश. पाच ग्रॅम शिशाच्या नाण्याचा हिशेब मांडून पाहावा: रुपयाभर धातू आणि वर वीस पैसे! कचेरीच्या खेपा, पंचनामा, शेजाऱ्यांची कुजबुज वेगळीच. नांगराला नाणे लागलेल्या शेतकऱ्याने किंवा वाळू उपसणाऱ्या मजुराने मग काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे? तो विक्रेत्याला गाठतो. शिसे तर वितळवून मासेमारीच्या जाळ्याला वजन म्हणूनही चालते. इंग्रजांच्या या कायद्याला राणीच्या तिजोरीची काळजी होती, इतिहासाची नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये पुरावस्तूंचा नवा कायदा झाला, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीला बांध पडला, पण सापडणाऱ्याच्या पदरात काय पडावे, हा प्रश्न तसाच राहिला.

गंमत अशी की त्याच इंग्लंडने आपला मार्ग बदलला. तेथे १९९६ मध्ये नवा कायदा आला. संग्रहालयाने ठेव घेतल्यास बाजारभावाइतके बक्षीस मिळते. १९९७ पासून सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद करण्याची योजना सुरू झाली आणि आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू तीत नोंदल्या गेल्या. नोंद केली म्हणून प्रत्येक वस्तू सरकारजमा होत नाही, ही त्यातील मेख आहे. तेथेही चोर आहेत, रात्री शेते उकरणारे आहेत. तरी प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे परवडते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुन्हा आंबोलीला यावे. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या याच उगमापाशी एका चिमुकल्या माशाची नवी जात जगापुढे आली. तिला नाव मिळाले ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटाएवढ्या माशाच्या शास्त्रीय नावातच त्याचे गाव कोरले गेले, आणि त्या गावाला संरक्षण मिळाले. नाण्यावरच्या माशाला हे भाग्य का नसावे?

धातूच्या किमतीऐवजी ऐतिहासिक मूल्यावर मोबदला देण्याची दुरुस्ती संसदेत किंवा विधिमंडळात यथावकाश होईल, तोवर थांबण्याचे कारण नाही. तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयात एक वही ठेवता येते. त्यात नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, नदीचे वा शेताचे नाव आणि सापडल्याची तारीख. कायदा जेथे लागू होतो तेथे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज ग्रंथपालानेच लिहून द्यावा. शाळेतील इतिहासाच्या शिक्षकाने वर्षातून एकदा मुलांना विचारावे, घरी आजीच्या गाठोड्यात काय आहे? आणि संग्राहकांच्या मंडळांनी एवढे ठरवावे की ज्या नाण्याचे गाव सांगितले जात नाही, त्याला कमी भाव द्यायचा. नदीचे नाव विचारणारे गिऱ्हाईक समोर उभे राहिले, तर बाजारातल्या त्या विक्रेत्यालाही ते झारेकऱ्याकडून विचारून घ्यावे लागेल.