झुंबर, साय आणि बांबूची खुर्ची

मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने तीन आठवडे शांघायला होतो. एका रविवारी टीममधल्या सहकाऱ्याने आईवडिलांच्या घरी जेवायला नेलं. दार उघडलं आणि मला वाटलं, चुकून मंगल कार्यालयात शिरलो की काय! भलंमोठं झुंबर, प्लास्टरचे रोमन खांब, सोनेरी काठाचा सोफा, टीव्हीमागे अख्खी भिंत संगमरवरी. "२००६ ची फॅशन आहे, हसू नकोस," तो हळूच म्हणाला. स्वतः मात्र हसत होता.

मग चहाला त्याच्या नव्या फ्लॅटवर गेलो. इथे सगळं सायीच्या रंगाचं. गोलाई दिलेले कोपरे, छताला मधोमध दिवाच नाही, फक्त बारीक स्पॉटलाइट. मस्त! मग त्याने शाओहोंगशू ॲपवर ज्यावरून हे घर केलं ते फोटो दाखवले. स्क्रोल करत गेलो तर तीच बैठक, तोच दिवा, तेच कोपरे, घरं फक्त वेगवेगळी.

म्हणजे बापाने राजवाड्याची नक्कल केली आणि मुलाने फोटोची. मग हसायचं कोणाला?

थोडा इतिहास बघा. चीनमधल्या शहरांत पूर्वी घर मिळायचं ते नोकरीच्या ठिकाणाकडून. १९९८ मध्ये ते वाटप बंद करायचं ठरलं आणि लोक घरं विकत घ्यायला लागले. त्याच वर्षी शांघायमध्ये आयकिया आलं. बिल्डर बरेचदा नुसता सिमेंटचा सांगाडा हातात द्यायचा. फरशीपासून नळापर्यंत सगळं आपणच निवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा! अशा वेळी माणूस आजूबाजूला बघणारच. आणि आजूबाजूला काय होतं? शांघायजवळ आख्खं इंग्लिश गाव, थेम्स टाउन. हांगचौजवळ १०८ मीटरचा आयफेल टॉवर. सरकारनेही २०१६ मध्ये परदेशी आणि विचित्र इमारतींच्या हौसेला आवर घालायला सांगितलं. पण दिवाणखान्यात कोण आवर घालणार?

मला त्या झुंबराचा राग येत नाही. आम्ही इंजिनियर लोक तर कॉपी-पेस्टवरच जगतो. पण कॉपी केलेला कोड आपल्या गरजेप्रमाणे बदलावा लागतो, नाहीतर तो आपल्याला नाचवतो. घराचंही तसंच. झुंबर पाहुण्यांसाठी होतं आणि सायीचा रंग कॅमेऱ्यासाठी. राहणाऱ्याचा विचार दोन्हीकडे शेवटी. त्यातल्या त्यात मला आईवडील जास्त प्रामाणिक वाटले. पैसा आला, तो दाखवला. आपण मात्र नक्कल करतो आणि तिला 'टेस्ट' म्हणतो.

त्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडमागे बांबूची एक जुनी खुर्ची होती. वडिलांची. थीममध्ये बसत नाही म्हणून बाहेर. चहा झाल्यावर ते गुपचूप तिथेच जाऊन बसले.

हे आज लिहायचं कारण म्हणजे पुढच्या महिन्यात माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचं पझेशन आहे. इंटिरियरवाल्याने थ्रीडी व्ह्यू पाठवलाय. भिंती ऑफ-व्हाइट, कोपरे गोल. बघून मी लगेच 'सुपर्ब' असा रिप्लायही दिला होता. रात्री आईने विचारलं, "यात आजोबांची आरामखुर्ची कुठे आहे रे?"

नव्हतीच. कालच परत मेल टाकलाय. उत्तराची वाट बघतोय.