लाल चौकोनातल्या १८ चा अर्थ आम्हाला सांगा

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
माहिती आणि नभोवाणी मंत्रालय, नवी दिल्ली



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या १३ वर्षांच्या मुलाने 'हेलडायव्हर्स २' या गेमसाठी हट्ट धरला. माझा भाचा कॉलेजात आहे, तो हा गेम खेळतो. त्याच्याकडच्या डब्यावर लाल चौकोनात १८ हा आकडा छापलेला होता. तो गेमला वयाचा आकडा देणाऱ्या 'पेगी' या युरोपीय व्यवस्थेचा. तिकडचे पालक २००३ पासून तो वाचत आले आहेत. मला तो पहिल्यांदाच दिसला. मुलाचं म्हणणं सरळ होतं : "आई, माणसं नाही मारायची. किडे आणि रोबोट मारायचेत, तेही चौघांनी मिळून."

म्हणून मी भाच्यासोबत सलग तीन रविवार हा गेम स्वतः खेळले. जे पाहिलं ते आपल्यापुढे ठेवते.

स्वीडनमधल्या ॲरोहेड स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. चौघांची तुकडी परग्रहावर उतरते. गोळी आपल्या सोबत्यालाही लागते, त्यामुळे बेफिकीर गोळीबार करून चालत नाही. सोबती मेला की बाणांची बटणं एका क्रमाने दाबायची : वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. मग आकाशातून एक कुपी कोसळते आणि तो परत लढायला येतो. अंगावर किड्यांची झुंड धावून येत असताना माझी बोटं हमखास चुकायची. तेवढा वेळ भाचा माझ्यासमोर उभा राहून झुंड थोपवायचा. एकमेकांना सांभाळून खेळायला हा गेम खरोखरच शिकवतो. तो निव्वळ वाईट आहे, असं मी म्हणणार नाही.

पण हातपाय तुटून उडतात. जळणारा सैनिक किंचाळतो. काही शत्रू तर मुळात माणसंच होती, पुढे त्यांचं रूपांतर झालेलं. चौघांच्या तुकडीला २० बदली सैनिक मिळतात. एक मेला की दुसरा हजर. इथे गेम बोचरा विनोद करतो आहे. गेममधल्या 'सुपर अर्थ'चं सरकार लोकशाहीच्या घोषणा देतं आणि मत कोणाला द्यायचं ते मात्र यंत्र ठरवतं. ज्या किड्यांविरुद्ध हे पवित्र युद्ध चाललंय, त्यांच्याच मृतदेहांतून इंधन काढलं जातं. भाच्याला हा उपहास कळतो, तो हसतो. सुरुवातीची सैन्यभरतीची फिल्म पाहून माझा मुलगा मात्र म्हणाला, "भारी आहे. मलाही असंच जायचंय." त्याने ती शब्दशः खरी मानली होती. रक्तापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली, आणि मी नाही म्हटलं. आणखी तीन वर्षांनी खेळ, माझ्याशेजारी बसून, असं सांगितलं.

यातलं काहीच त्या १८ आकड्यातून मला कळलं नव्हतं.

रोजच्या भांडणाच्या गोष्टीही त्यात नाहीत. एक मोहीम ४० मिनिटांपर्यंत चालते, मध्ये थांबवता येत नाही. "जेवायला ये" म्हटल्यावर मुलगा उठला नाही, तर तो उर्मटपणा नसतो, तीन जणांना मध्येच सोडून येणं त्याला जड जातं. मोहिमेआधी वेळ ठरवून घेतली की हा वाद मिटतो. माइकवर अनोळखी माणसं बोलतात. खेळ फक्त मित्रांपुरता ठेवता येतो आणि कोणाचाही आवाज बंद करता येतो. 'सुपर क्रेडिट्स' हे गेममधलं चलन. ते खेळता खेळता सापडतात, तसेच खऱ्या पैशांनी विकतही मिळतात. प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं खातं काढून महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालता येते. भाच्याने दाखवलं नसतं, तर यातलं मला काय कळणार होतं? प्रत्येक घरात असा भाचा नसतो.

सिनेमासाठी आपल्याकडे प्रमाणन मंडळ आहे. २०२४ पासून 'यूए'मध्येही ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या आल्या. तिकीटबारीवर आईबाप त्या वाचतात. गेमसाठी असं मंडळ नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. त्याचं मी मनापासून स्वागत करते, पण या गेममध्ये जुगार नाही, त्यामुळे माझा प्रश्न तसाच राहतो.

बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झाला तो माहितीच्या सुरक्षेपायी, आणि पुढच्याच वर्षी तो भारतीय नावाने परत आला. मधल्या काळात पोरं दुसऱ्या गेमकडे वळली. पालकांच्या हातात मात्र काहीच आलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमसोबत मराठीत आणि इतर भारतीय भाषांत पाच-सहा ओळींची माहिती असू द्या : वय कोणतं आणि का, हिंसा कशी आहे, अनोळखी लोकांशी बोलणं होतं का, पैसे कुठे लागतात, एक डाव किती वेळ चालतो. डब्यावर छापा, ऑनलाइन दुकानात खरेदीच्या बटणाशेजारी दाखवा. ती लिहायला बालमानसतज्ज्ञांसोबत पालकांना आणि खेळणाऱ्या मुलांनाही बसवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निदान दहा लोकप्रिय गेमपासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आई, पुणे