पाय पाहून अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण ज्या कुणी काढली त्याच्या पायाला सहा नंबरची चप्पल येत असली पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमच्यासारख्यांना ती सुचणंच शक्य नाही. माझे पाय जन्मापासून अंथरुणाबाहेरच आहेत. बाळंतपणाला आलेल्या सुईणीनं म्हणे मला पाहून आईला सांगितलं होतं, "मुलगा झाला, पण पाय आधी झाले."

कोल्हापुरात बुटांच्या दुकानात शिरलो की मालक माझ्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाही आणि मी काही बोलायच्या आतच म्हणे, "दहाच्या वर नाही." त्या काळात माझी लाज राखली ती चप्पल लाइनीतल्या एका मामांनी. त्यांनी जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पायांभोवती रेघ मारली. अग्रलेख, हवामान आणि सिनेमाच्या जाहिराती इतका सगळा मजकूर माझ्या पायांखाली गेला. मी घाबरत विचारलं, "मामा, जमेल ना?" मामा म्हणाले, "न जमायला काय झालं? पाय तुमचा, कातडं माजं. फकस्त दीड पायताणाचं पैसं पडतील."

दीड पायताणाचे पैसे मी आयुष्यभर आनंदानं दिले. कारण मामा आधी पाय बघत आणि मग कातडं कापत. जगाचा हा एवढा साधा क्रम ज्यांना समजलेला नाही, अशा लोकांशी माझं सध्या भांडण चालू आहे.

हे भांडण अमेरिकेतलं आहे, आणि झाडावरचं आहे. वीस फुटांवरचं.

नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात आलो आणि तिथंच राहिलो. इथल्या बुटांच्या दुकानात पाय मोजायचं एक धातूचं यंत्र असतं. सिरॅक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थानं १९२०च्या दशकात ते काढलं. त्यावर पाय ठेवला की टाचेपासून बोटापर्यंत आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत माप निघतं. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे म्हणे जवाच्या एका दाण्याची लांबी. माझा पाय बरोबर बारा इंच भरला. विक्रेता म्हणाला, "चौदा नंबर," आणि आत जाऊन दोन जोड घेऊन आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या देशात माझ्या मापाचे दोन जोड तयार मिळतात, तो देश न्यायाचा आहे असं मी त्याच दिवशी घरी जाहीर केलं. ते मत आता मी थोडं मागे घेतो आहे.

इथं घरामागं जंगल, जंगलात पांढऱ्या शेपटीची हरणं, आणि आमच्या परसात सौभाग्यवतीची वालपापडी. तीन वर्षं वालपापडी हरणांनी खाल्ली. चौथ्या वर्षी शेजाऱ्यानं मला शिकारीचा परवाना काढायला लावला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार ही आजोबांच्या गप्पांत करायची गोष्ट झाली, पण इथं हरणं इतकी आहेत की सरकारच हंगाम आखून देतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आठवणीनं मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

आता शिकारीसाठी झाडावर बसायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मचाण येतं. निदान जोंधळ्याच्या रानातला माळा तरी. त्यावर माणूस मांडी घालतो, घोंगडं पांघरतो, भाकरी खातो. इथं हल्ली जी पद्धत बोकाळली आहे तिचं नाव सॅडल. कमरेला आणि ढुंगणाखाली रुंद पट्ट्यांची झोळी बांधायची. झोळीचा दोर खोडाला साधारण डोक्याच्या उंचीवर आवळायचा. त्या दोरावर भार टाकून, खोडाकडं तोंड करून, मागं रेलायचं. लहान मुलाला झोळीत घालून आडाला टांगतात ना, तसं. फरक इतकाच की मूल झोपतं. आणि पायाखाली? पायाखाली खोडाला पट्ट्यानं आवळलेला अॅल्युमिनियमचा एक तुकडा. त्याला म्हणतात प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म! दादरला जाऊन आलेल्या माणसाला हा शब्द ऐकून जे वाटेल तेच मला वाटलं होतं. प्रत्यक्षात खोक्यातून जे निघालं ते पाहून हिनं विचारलं, "पाट आणलात का? जेवणाचा की सत्यनारायणाचा?"

पाटावर निदान मांडी मावते. हा तुकडा बारा इंच रुंद आणि अकरा इंच खोल होता. माझा थंडीतला बूट बाहेरून मोजला तर साडेतेरा इंच लांब आणि पाच इंच रुंद. मी मुळात इंजिनिअर, त्यामुळे कागद घेऊन बसलो. पाटाचं क्षेत्रफळ एकशे बत्तीस चौरस इंच. चौकोनी हिशेबानं माझ्या दोन बुटांचं एकशे पस्तीस. म्हणजे दुकानदारानं मला उभं राहायला दिलेल्या जागेतून मीच तीन चौरस इंच जास्त होतो. शिवाय दोन बुटांची रुंदी दहा इंच. उरलेले दोन इंच मध्ये कुणाला? तर खोडाला टेकणारा मधला दांडा तिथंच उभा. खोक्यावर मापं छापतात ती कडेपासून कडेपर्यंत. त्यातून दांडा वजा, खोडाचा फुगवटा वजा. घराची जाहिरात वाचून आत गेल्यावर जिन्याखालचा भागही त्यात धरलेला सापडतो, तसलाच हा प्रकार.

गंमत पाहा. याच राज्यात बंदुकीच्या हंगामात हरणाला जाताना अंगावर भडक नारिंगी कापड किमान अडीचशे चौरस इंच असलं पाहिजे असा नियम आहे. माणूस दुसऱ्याच्या गोळीनं मरू नये म्हणून सरकारनं छाती, पाठ आणि डोकं चौरस इंचांत मोजलं. पाय मात्र कुणीच मोजले नाहीत.

हे सारं मी शेजाऱ्याला ऐकवलं. हे गृहस्थ आठ नंबरचे. पाय इतका छोटा की त्यांच्या बुटात मी फार तर चहा पिऊ शकेन. ते हसून म्हणाले, "अरे, भार सगळा सॅडलवर. पाय नुसते टेकवायचे. वजन बघ ना, फक्त साडेतीन पौंड!"

इथं मूळ रोग सापडला. या मंडळींत हलकेपणाचा एक संप्रदाय आहे. रात्र-रात्र बसून हे लोक सामान औंसांत तोलतात. पट्ट्याची लोंबती टोकं कापतात, लोखंडी कडी काढून दोरीची करतात. ज्याचा प्लॅटफॉर्म सर्वांत लहान तो सर्वांत मोठा शिकारी. चांगला ऐसपैस प्लॅटफॉर्म साधारण सव्वापाच पौंडांचा. फरक पावणेदोन पौंडांचा, म्हणजे आठशे ग्रॅमांचा. आमच्या शेजाऱ्यांच्या पिशवीत सुक्या मांसाच्या पुड्या आणि कॉफीचा थर्मास मिळून त्याहून जास्त वजन असतं, हे मी स्वतः घरच्या काट्यावर तोललं आहे. त्यांच्या पोटाचं तोललेलं नाही. माझ्याही नाही.

पण त्या वेळी मी त्यांचं ऐकलं. मोठ्या पायाच्या माणसाला लहानपणापासून एक सवय लागलेली असते, आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास झाला असं समजून गप्प बसायची. बसच्या बाकाखालून पाय बाहेर आले तर तो माफी मागतो. म्हणून मी तो पाट घेऊन झाडावर चढलो.

नोव्हेंबरातली दुपार. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला कळलं की टाचा बाहेर लोंबत आहेत आणि पाटाची कड बरोबर तळपायाच्या कमानीत रुतते आहे. माझे बूट रबरी, मऊ तळव्याचे. कड त्यातून सुरीसारखी लागत होती. 'भार सगळा सॅडलवर' हे बसून राहिलात तर पुष्कळसं खरं आहे. पण बाण मारायचा तर उठावं लागतं, वळावं लागतं, आणि वळताना भार येतो तो एका पायाच्या एका कडेवर. तिसऱ्या तासाला पायांना मुंग्या आल्या, चौथ्या तासाला मुंग्याही निघून गेल्या. पाय आहेत की नाहीत हे खाली बघूनच ठरवावं लागत होतं.

आणि हरीण आलं. अर्थातच उजवीकडून. उजव्या हातानं बाण ओढणाऱ्याला उजवी बाजू सर्वांत अवघड, हे हरणांना आई शिकवत असावी. मी वळायला डावा पाय उचलला आणि ठेवला. जिथं ठेवला तिथं पाट नव्हता.

हसण्यासारखं असतं तर मी हसवलं असतं. बुटाचं टोक कडेवर आपटून खणकन वाजलं, उजवा पायही निसटला आणि मी जेमतेम अर्धा फूट पडलो. अर्धाच, कारण दोर ताणलेला ठेवायचा, कधीही सैल सोडायचा नाही, हा एक नियम मी वेदवाक्य मानून पाळला होता. दोर दोन हात सैल असता तर तेवढ्याच पडण्याचा केवढा हिसका बसला असता, याचं गणित मी कागदावर मांडलं नाही. मांडायची हिंमत झाली नाही. छाती खोडावर आदळली, श्वास गेला, आणि वीस फुटांवर, उजेड जात असताना, मी माझ्या बधिर पायांनी तो पाट शोधत लटकत राहिलो. अंधारात चूल चाचपावी तसा. सापडला की बूट घसरे. पाय ताळ्यावर येऊन खाली उतरायला पाऊण तास लागला. उतरताना प्रत्येक पायरीवर पाय टेकला आहे की नाही ते कळत नव्हतं, आणि खरी भीती मला तेव्हा वाटली, लटकताना नाही. घरी काळीनिळी छाती पाहून ही फक्त एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही शिकारीला जाता की फाशीला?" आणि नंतर बराच वेळ काहीच बोलली नाही.

म्हणून माझं म्हणणं आता मी मोठ्यानं मांडतो. ज्याला बारा-तेरा नंबरच्या वरचा पाय आहे त्यानं प्लॅटफॉर्म विकत घेताना वजनाचा रकाना हातानं झाकावा. आधी थंडीतले बूट घालावेत (उन्हाळी चपला घालून माप घेणारे महाभाग मी पाहिले आहेत), पुठ्ठ्यावर उभं राहावं आणि चप्पल लाइनीतल्या मामांसारखी भोवती रेघ मारून घ्यावी. मग मधल्या दांड्याची जागा सोडून, पाय किंचित बाहेर वळवून, पुन्हा मारावी. ती रेघ ज्या प्लॅटफॉर्मवर पुरती मावेल तो आपला. कड गोलसर आहे की धारदार हे बोट फिरवून पाहावं. बूट ताठ तळव्याचे घ्यावेत. बाजूला वळण्यासाठी खोडाला एक-दोन सुट्या पायऱ्या पट्ट्यानं आवळाव्यात. मात्र केवळ पायऱ्यांच्या माळेवर दिवस काढा असं कुणी सांगितलं तर त्याचा नंबर विचारावा. आठ म्हणाला तर नमस्कार करून निघावं.

मोठा पाट म्हणजे सुखच सुख असंही नाही. माणूस रुंद पाटाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर उभा राहिला की पाट खोडावर फिरायला बघतो. म्हणून त्याचे खोडात रुतणारे दात आणि पट्टा दणकट हवेत, आणि बसवताना त्यावर दणादण पाय मारून पाहायला हवा. वजनाची मर्यादाही वाचावी. पुष्कळ सामानावर तीनशे पौंड छापलेले असतात, त्यात आपले कपडे, धनुष्य आणि दुपारचं जेवणही आलं. मोठ्या पायांवर सहसा मोठा माणूसच उभा असतो. त्यामुळे मोठ्या पाटाला चार जास्तीचे डॉलर पडले तर दीड पायताणाचे समजून द्यावेत. मात्र 'आमच्याकडे एकच माप, सगळ्यांना चालतं' असं जे कारखानदार म्हणतात त्यांना मला एकदा सहा नंबरचे बूट घालून दिवसभर उभं करायचं आहे. जमिनीवरच. मी इतका दुष्ट नाही.

मी नवा पाट आणला. सोळा इंच रुंद, चौदा इंच खोल. दोनशे चोवीस चौरस इंच, म्हणजे अजून सरकारी नारिंगी कापडापेक्षा कमीच. जंगलात न्यायच्या आधी परसातल्या मेपलला जमिनीपासून दीड फुटावर बांधला आणि बूट, टोपी, सॅडल असा सगळा थाट करून सूर्यास्तापर्यंत उभा राहिलो. रस्त्यानं जाणारी पोरं थांबून बघून गेली. हिनं चहा आणून हातात दिला, दीड फुटावर असल्यामुळे तो देता आला. शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "फार मोठा वाटत नाही का?" मी म्हटलं, "कुणाला?"

ते गेले. संध्याकाळ झाली. पायांना मुंग्या नाहीत, कड रुतत नाही. मी डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो. पाट हूं की चूं करेना. तेवढ्यात उजवीकडच्या झुडपांतून एक हरीण बाहेर आलं. शांतपणे वालपापडीत शिरलं, एक शेंग तोंडात घेऊन मान वर केली आणि पंधरा पावलांवरून माझ्या बुटांकडे बघत चघळू लागलं. धनुष्य घरात होतं. मी हललो नाही. पूर्ण वाफा संपेपर्यंत मी तसाच दोन पायांवर आरामात उभा होतो.